वरून ओतलेलं पाणी

धोंडाबाईच्या कार्डाला अजून उत्तर गेलं नव्हतं. सावळीरामांना हे सकाळी तोंड धुताना आठवायचं, दुपारी वर्तमानपत्राची घडी घालताना आठवायचं, आणि आठवलं की ते लगेच दुसऱ्या कुठल्यातरी कामाला लागायचे. चष्मा पुसायचा, कुंडीतली माती उकरायची, कपाटातली पुस्तकं काढून पुन्हा तशीच लावायची. कार्ड त्यांनी शब्दकोशात ठेवलं होतं. उघडून पाहायची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. ‘दादास धोंडाबाईचा जयभीम. तुझी तब्बेत आता बरी आसंल. डबा परत पाठीव, घाई नाय. येक विचारायचं व्हतं. राकेश म्हणतो, मामाला झाला तसला जंतू कोंबड्यातून येतो आसं पेपरात आलंय. माझ्या कोंबड्यातून आला का? तसं आसंल तर सांग. मी राकेशला शेड बंद करायला लावते. तू शिकलेला हाय, तू सांगशील ते खरं.’ सावळीरामांची चाळीस वर्षं छापखान्यात लोकांची वाक्यं तपासण्यात गेली. लोकांची वाक्यं त्यांना सरळ करता यायची, पण स्वतःचं एक लिहायला घेतलं की पहिल्याच शब्दापाशी शंका उभी राहायची. उत्तर लिहायला ते तीनचारदा बसले होते. ‘नाही’ लिहावं, तर ते खरं आहे याची खात्री नव्हती. ‘हो’ लिहावं, तर त्या एका अक्षरानं भाच्याची शेड बंद झाली असती. आणि ‘माहीत नाही’ लिहावं, तर बहिणीनं आयुष्यभर ज्याला शिकलेला मानलं, त्याचं शिक्षण काय कामाचं, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं.

त्या दिवशी सून स्नेहा त्यांना डॉक्टरांकडे दाखवायला घेऊन निघाली होती. जानेवारीची थंडी होती, म्हणून तिनं त्यांच्या अंगाभोवती शाल घट्ट गुंडाळून दिली होती. रिक्षा द्वारकेच्या चौकात येऊन अडकली. पुढे एसटी, मागे कांद्याचा ट्रक, आणि अगदी हाताला लागेल इतक्या जवळ एक टेम्पो, जाळीच्या क्रेटांनी वरपर्यंत भरलेला. क्रेटांत पांढऱ्या कोंबड्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. आवाज करत नव्हत्या. एकीची मान जाळीबाहेर आली होती आणि ती एका डोळ्यानं थेट सावळीरामांकडे पाहत होती. सिग्नल सुटला, टेम्पोला हिसका बसला, आणि एक बारीक पीस उडून रिक्षात आलं, त्यांच्या शालीवर बसलं. सावळीरामांनी अंग आखडून घेतलं. पीस झटकायला हात उचलला आणि तो तसाच हवेत राहिला. झटकण्यासाठी त्याला शिवावं लागलं असतं.

“काय झालं बाबा?” स्नेहानं विचारलं. तिनं ते पीस दोन बोटांनी उचललं आणि बाहेर सोडून दिलं. “पीस आहे हो. साप नाही.”

ते हसले. शिवणं. हा शब्द मनात आला आणि तिथंच अडकून बसला, मागच्या कांद्याच्या ट्रकसारखा. दिवाळीनंतर त्यांना थंडी वाजून ताप भरला होता, लघवीला आग होत होती. नेहमीच्या गोळ्या झाल्या, त्याहून महागाच्या झाल्या, ताप उतरेना. मग तपासणीचा कागद आला. डाव्या बाजूला औषधांची नावं आणि प्रत्येकापुढे एक इंग्रजी अक्षर. बहुतेक सगळीकडे एकच: हे औषध चालणार नाही. वाचायची सवय असलेल्या माणसानं तोही कागद मुद्रिताप्रमाणे वरून खाली वाचला, आणि मध्येच एका नावापाशी थबकला. हे नाव त्यांनी आधी पाहिलं होतं. औषधाच्या दुकानात नव्हे. धोंडाबाईच्या शेडमध्ये.

इगतपुरीच्या अलीकडे, भाताच्या खाचरांच्या कडेला राकेशनं ती शेड घातली होती. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधं कंपनीची. जागा आणि मेहनत यांची. आदल्या वर्षीच्या थंडीत सावळीराम तिकडे राहायला गेले होते. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आणि आत पाऊल टाकलं की पिवळ्या बल्बांची ऊब, भाताच्या तुसाचा मऊ गादीसारखा थर, आणि त्यावर हजारो पिल्लांचा एकच एक आवाज, दूरवर कुठेतरी नदी वाहत असावी तसा. धोंडाबाई पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. हात कोपरापर्यंत पाण्यात घालून ती पांढरी पूड ढवळत होती. “हे रोज घालायचं,” ती मोठ्यानं म्हणाली होती. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून ती सगळ्यांशी मोठ्यानंच बोलते. “सुपरवायझर देतो. आजारी असो नायतर नसो, पयल्या दिवसापासून घालायचं. मागच्या लॉटला लय मर झाली व्हती. आता बघ, कशी टुणटुणीत हायेत!” सावळीरामांनी पुडीची पिशवी उचलून वाचली होती, कारण हाताशी आलेलं ते वाचतातच. आणि हसून म्हणाले होते, “अगं, मी सर्दीला घेतो त्या कॅप्सूलच्या घरातलंच औषध आहे हे!” तिला ते दोनदा सांगावं लागलं. कळल्यावर ती तोंडाला पदर लावून हसत सुटली होती. “म्हंजी तू बी माझ्या पिल्लातलाच एक!” मग तिनं एक पिल्लू उचलून त्यांच्या हातात ठेवलं होतं. काय वजन त्याचं! मुठीत नुसता एक धडधडणारा ठिपका. त्यांनी ते बराच वेळ सोडलं नव्हतं.

त्या घरात पाण्याची एक रीत होती. कोणीही आलं, सुपरवायझर असो, खाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर असो, नाहीतर मतं मागायला आलेला पुढारी असो, धोंडाबाई स्वतः घासलेला पेला भरून हातात द्यायची आणि समोर उभी राहायची. काहींना वरून गटागटा प्यायची सवय असते. तसा पेला उंच गेला की ती हात पुढे करून थांबवायची. “तोंड लावून प्या. आमच्याकडं तोंड लावून पितात.” पाहुणा जरा गोंधळायचा, हसायचा, आणि पेल्याला ओठ लावायचा. तो लावेपर्यंत ती जागची हलत नसे. राकेश तिला चिडवायचा, “आये, तुला पाणी द्यायचं हाय का परीक्षा घ्यायचीय?” तिला ऐकू यायचं नाही, किंवा आलं तरी ती तसं दाखवायची नाही.

“बाबा, उतरा. आलं.”

दवाखान्यात पाळी यायला वेळ होता. समोरच्या बाकावर एक बाई बाळाला थोपटत होती. सावळीरामांनी हात मांडीवर एकावर एक ठेवले. ऐन आजारात त्यांना एका खासगी दवाखान्यात ठेवलं होतं. दिवसातून तीनदा शिरेतून इंजेक्शन. खाटेच्या उशाशी एक पाटी टांगली होती, आणि येणारी प्रत्येक परिचारिका हातमोजे घालून, गाऊन चढवून मगच जवळ यायची. त्यांच्या मनाला ते फार लागलं नाही. उलट सोयीचंच वाटलं. लाजाळू माणसाला लोक लांब राहिले की बरंच वाटतं. पण घरी येताना ती पाटी त्यांच्या डोक्यात टांगलेली तशीच आली. त्यांनी आपलं ताट वेगळं केलं, कप वेगळा केला, टॉवेल वेगळा केला. स्नेहा म्हणाली, “एवढं नको हो.” मुलगा धम्मपाल म्हणाला, “करू दे त्यांना.” आपल्या पोटात असलं काही वस्तीला आहे, ज्याला कुठलंच औषध जुमानत नाही, या विचारानं त्यांना रात्रंदिवस स्वतःचीच लाज वाटायची. ते कोणाला लागलं तर?

आणि त्याच आठवड्यात धोंडाबाई आली. एसटीनं, एकटी, हातात तीनपुडी डबा. घरात दुसरं कोणी नव्हतं. दार उघडल्या उघडल्या ती पुढे झाली, नेहमीसारखी त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायला, आणि सावळीराम मागे सरकले. “लांब!” ते म्हणाले. तिला ऐकू गेलं नाही. ती आणखी पुढे आली. मग ते ओरडले, आयुष्यात कधी ओरडले नव्हते एवढ्या मोठ्यानं, की जिन्यातल्या माणसानंही ऐकलं असेल, “लांब थांब! शिवू नकोस मला!” ती थांबली. डबा तिनं उंबऱ्याशी ठेवला. त्यांनी हातवारे करून सांगितलं, जंतू आहे, वाईट आहे, तुला लागेल, शेडमध्ये जाईल. ती मान हलवत होती. मग तिनं पाणी मागितलं. घरातले सगळे पेले त्यांच्याच हाताखालून गेलेले. सकाळी सवयीनं भांडी त्यांनीच लावली होती. त्यांना सुचेना. त्यांनी रुमालात धरून तांब्या उचलला, आणि ती उंबऱ्याशी उभी होती तिथं जाऊन, हात लांब करून, वरून पाण्याची धार धरली. तिनं ओंजळ केली. ती प्याली. पाणी तिच्या कोपरांवरून ओघळत होतं. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, “बरं हाय. जप.” आणि पुढच्या गाडीनं परत गेली. तिला आपल्यापासून वाचवलं, या विचारानं त्या रात्री त्यांना छान झोप लागली होती.

“या आजोबा,” डॉ. मनालींनी हाक मारली. वयानं लहान, बोलायला भराभर. नवा कागद पाहून त्या म्हणाल्या, “लघवी साफ आहे. ताप नाही. आता घाबरायचं कारण नाही.” स्नेहानं हुश्श केलं. ती मध्येच म्हणाली, “मॅडम, यांना जरा समजवा. अजून ताट-वाटी वेगळी ठेवतात. दाराची कडी कोपरानं ढकलतात.”

“हे कोणी सांगितलं?” डॉक्टर हसल्या. “घरात हे काही लागत नाही हो. दवाखान्यात बाकीचे पेशंट नाजूक असतात, म्हणून तिथं पाटी. घरी नीट हात धुवायचे, एवढंच. एका ताटात जेवा, एका पेल्यातलं पाणी प्या.”

एका पेल्यातलं. सावळीराम टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. बाकीचं काही ऐकू येईना, जणू धोंडाबाईचे कान त्यांना लागले होते. मग त्यांनी विचारलं, आवाज इतका बारीक की डॉक्टरांना पुढे वाकावं लागलं, “माझ्या बहिणीची कोंबड्यांची शेड आहे. तिथं पाण्यातून रोज औषध देतात. तिथूनच आला का हा?”

डॉक्टरांचं हसू जरा थांबलं. “रोज औषध दिलं की त्याला न जुमानणारे जंतू तयार होतात, हे खरं आहे. कोंबडीत होतात आणि माणसातही होतात. पण तुमच्या पोटातला तिथूनच आला, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. जंतूवर कुठला पत्ता नसतो. तुम्ही स्वतः डॉक्टरला न विचारता कॅप्सूल घेता का?”

“सगळा डबा भरलाय,” स्नेहा म्हणाली. “बरं वाटलं की अर्ध्या टाकून ठेवतात. पुढच्या सर्दीला होतील म्हणून.”

सावळीरामांची मान आणखी खाली गेली. “मग कोंबडी खायची नाही?” त्यांनी विचारलं.

“खा की! नीट शिजवली की जंतू मरतो. कच्च्या मांसाचा हात लगेच धुवायचा, त्याच पाटावर कोशिंबीर चिरायची नाही. आणि बहिणीला सांगा, शेड बंद नको, ती रोजची पूड बंद करा. पक्षी आजारी पडला तर जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच औषध, आणि विक्रीच्या आधी ठरल्याइतके दिवस बंद. शेड कोरडी, तूस वेळेवर बदललेलं, आत जाताना चप्पल वेगळी. होतं त्यानं. कंपनीचा माणूस कुरकुर करेल, पण होतं.”

परतीच्या रिक्षात स्नेहा बोलत होती आणि ते हूं हूं करत होते. चौकात पुन्हा गर्दी. पण सावळीराम तिथं नव्हते. ते घोटीच्या बाजारात होते, वडिलांचं धोतर धरून. धोंडी त्यांच्या पाठीमागे, पाचसहा वर्षांची, नाक वाहणारी. उन्हानं तिघांचेही घसे कोरडे. चहाच्या दुकानापुढे वडील लांब उभे राहिले, मालकानं नजरेनं विचारलं, वडिलांनी मान खाली घातली, आणि मग तो माणूस फळकुटावर चढून तांब्यातून धार सोडू लागला. आधी वडील, मग सावळीराम, मग धोंडी. तिच्या इवल्या ओंजळीत पाणी मावेना. ते बाह्यांत शिरलं, पोटावर गेलं, तिला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळायला लागली. तिला तो खेळ वाटला. “अजून वरून!” ती ओरडली त्या माणसाला. “अजून वरून ओत की!” दुकानातले सगळे हसले. सावळीरामांनी वडिलांकडे पाहिलं. तो चेहरा पुढे कधी कोणत्याच पुस्तकात त्यांना वाचायला मिळाला नाही. त्यानंतर वडील बाजारला जाताना घरून तांब्या भरून न्यायचे, आणि वाटेत पोरांना पाजताना म्हणायचे, “तोंड लावून प्या रे. आपलाच हाय.” धोंडाबाईला तो बाजार आठवत असेल का, असं त्यांच्या मनात कित्येकदा येऊन गेलं होतं. एवढी लहान होती. विचारायचा धीर झाला नाही. पण ते शब्द तिनं जपून ठेवले होते. आणि म्हातारपणी, सख्ख्या भावाच्या दारात, तिनं काही न बोलता ओंजळ केली होती. या वेळी ती हसली नव्हती.

“बाबा, रडताय?”

“वारा आहे,” ते म्हणाले.

घरी आल्यावर ते स्वयंपाकघरात गेले. खिडकीच्या फळीवर धोंडाबाईचा डबा घासून, पुसून, पालथा ठेवला होता. बाहेरच्या अंगाला तिचं नाव कोरलेलं, तिच्या लग्नातला. त्या दिवशी त्यांनीच स्नेहाला सांगितलं होतं की हा उघडूसुद्धा नकोस, लांब नेऊन टाक. आणि तेव्हापासून त्या रिकाम्या डब्याकडे पाहायचं ते टाळत आले होते.

“स्नेहा,” ते म्हणाले, “ते... त्यातलं तू कुठं टाकलंस?”

स्नेहा भांडं विसळत होती. तिनं नळ बंद केला. मग वळून म्हणाली, “ओरडणार नसाल तर सांगते.”

“मी कुठं ओरडतो?”

“आत्यांवर ओरडलात की. जिन्यातल्या लताबाईंनी सांगितलं मला.” तिनं हात पुसले. “टाकेन कशाला? काळ्या मसाल्यातला कोंबडीचा रस्सा आणि तांदळाच्या भाकरी, आत्यांच्या हातच्या! पुन्हा खळखळ उकळवला आणि आम्ही दोघांनी खाल्लं. तुम्हाला वास जाऊ नये म्हणून खिडक्या उघड्या टाकून, थंडीत कुडकुडत. यांनी तर बोटंसुद्धा चाटली.”

 सावळीरामांना हसू आलं. ते हसू मध्येच तुटलं, पुन्हा आलं, आणि त्यांनी ओट्याचा आधार घेतला. “मला थोडा ठेवायचा होता,” ते म्हणाले.

“आता मागून घ्या. मला कशाला सांगता?” स्नेहा म्हणाली. “एवढं कार्ड आलंय, त्याचं उत्तर कोण देणार? मी?”

म्हणजे तिलाही माहीत होतं. कार्ड उघडंच असतं. पोस्टमननं वाचलं असेल, इगतपुरीच्या पोस्टात वाचलं असेल. धोंडाबाईला ते माहीत नव्हतं असं नाही. तिला लपवायचं काही नव्हतं. लहानपणी चुलीच्या उजेडात पाटीवर त्यांनीच तिला अक्षरं गिरवायला शिकवलं होतं, आणि ती लिहायची ती फक्त त्यांनाच, कारण फोनवर तिला नुसतं खरखर ऐकू यायचं. टेबलाशी बसल्यावर सावळीरामांचा हात सवयीनं बंद पाकिटाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला. खणात एक कोरं कार्ड होतं. पहिल्याच शब्दापाशी नेहमीची शंका येऊन उभी राहिली. त्यांनी तिला राहू दिलं आणि तिच्या शेजारून लिहायला सुरुवात केली.

‘चि. धोंडाबाईस सावळीरामचा जयभीम. मी बरा झालो. तुझ्या कोंबड्यांतून आलं का, ते मला माहीत नाही आणि डॉक्टरलाही माहीत नाही. माझ्या खणातल्या कॅप्सूलमधूनही आलं असेल. त्या मी विचारल्याशिवाय घेणार नाही, तूही रोजची पूड घालू नकोस. शेड बंद करू नकोस. रविवारी मी येतो. राकेशबरोबर बसून सुपरवायझरशी मी बोलेन. मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, तरी बोलेन. डबा घेऊन येतो, रिकामा नाही आणणार. तुझा रस्सा पोरांनी खाल्ला, मला एक घास ठेवला नाही. पुन्हा कर.’

कार्ड भरत आलं होतं. खाली बोटभर जागा उरली. तिथं बरंच काही लिहायचं होतं. घोटीचा बाजार, वडिलांचा चेहरा, तो जिन्यात घुमलेला आवाज. माफी हा शब्द त्यांनी मनात दोनतीनदा लिहून पाहिला आणि दर वेळी तो उपरा वाटला, छापखान्यातल्या दुसऱ्याच कोणाच्या तरी मजकुरातला. शेवटी त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, ‘त्या दिवशी मी चुकलो. मला घोटी आठवली नाही. आलो की पाणी दे. तोंड लावून पिईन, आणि मग त्याच पेल्यातलं तू पी.’

वाचून पाहिलं तर काटछाट सुरू होईल, म्हणून ते वाचलं नाही. शाल घेतली, चपला घातल्या. स्नेहानं “येऊ का बरोबर?” विचारलं, त्यांनी नको म्हणून मान हलवली. दाराची कडी त्यांनी पूर्ण पंजानं धरली आणि ओढली. गार लोखंड. किती दिवसांनी! जिन्यात लताबाई भेटल्या, “बरं का आता, काका?” म्हणाल्या, आणि सावळीरामांनी चालता चालता त्यांच्या हातातल्या नातवाच्या गालाला बोट लावलं.

पोस्टाची लाल पेटी रसवंतीच्या बाजूला होती, अर्धी पोपडे उडालेली. सावळीरामांनी कार्ड तिच्या तोंडात घातलं, पण बोटं सुटेनात. सुपरवायझरशी आपण काय बोलणार? तो दोन वाक्यांत गप्प करेल. राकेशला ही म्हाताऱ्याची लुडबूड वाटेल. धोंडाबाई वाचेल, मनातल्या मनात अक्षरं लावत, ओठ हलवत, शेवटच्या बारीक ओळीपर्यंत पोचेल, आणि मग? मागे उभा असलेला एक माणूस खाकरला. “काका, टाकताय का काढताय?”

“टाकतोय,” सावळीराम म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना जरा मोठाच वाटला.

आणि त्यांनी बोटं सोडली. कार्ड आत कुठंतरी पत्र्यावर पडल्याचा हलका आवाज आला. त्या माणसाला जागा देण्यासाठी ते बाजूला झाले, आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. दोन्ही तळवे एकमेकांना जोडून त्यांची नकळत ओंजळ झाली होती.